हवेतील पाणी मोजणारा पापुद्रा

(संस्थेच्या विज्ञान सप्ताहात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रण पत्रिकेत छापला आहे तो असा : 'अब्जांश रचनेच्या पातळ थरांपासून बनविलेले आर्द्रता-संवेदक'. एवढे लांबलचक नाव वाचून काही मंडळी घरीच राहिली असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. विषय मात्र नावाइतका अवघड नाही. कोकणातल्या माणसाला तर तो लहानपणापासून ठाऊक असतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की पापड सादळतात, काडेपेटी सर्दावते, दरवाजे फुगून चौकटीत अडकतात आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. पापड, काडी, दरवाजा आणि मीठ हे चारही एका अर्थाने आर्द्रतेचे संवेदकच होत. हवेत पाणी वाढले हे त्यांना आपल्या आधी कळते. 'किती वाढले' हे मात्र त्यांना सांगता येत नाही. तो आकडा मिळविण्यासाठी माणसाने गेल्या अडीचशे वर्षांत काय काय खटपटी केल्या आणि आज ती खटपट कोठे येऊन पोचली आहे, हे मला सांगावयाचे आहे.

प्रथम आर्द्रता म्हणजे काय ते पाहू. हवा जितकी गरम तितकी तिच्यात पाण्याची वाफ अधिक मावते. ३० अंश सेल्सिअस तपमानाला एक घनमीटर जागेत सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम, तर १० अंशाला फक्त ९ ग्रॅमच्या आसपास. आता असे समजा की, दुपारी ३० अंश तपमान असताना एखाद्या पत्र्याच्या गोदामातील हवेत १७ ग्रॅम वाफ आहे. म्हणजे मावण्यासारख्या ३० ग्रॅमपैकी १७ ग्रॅम, अर्थात ५७ टक्के. यालाच सापेक्ष आर्द्रता म्हणतात. ५७ टक्के हा आकडा निर्धोक आहे. परंतु पहाटे तेच गोदाम २० अंशांपर्यंत निवाले की तेवढीच वाफ शंभर टक्के होते. गोदामात पाण्याचा एक थेंबही बाहेरून आलेला नसतो, तरी पत्र्याला घाम सुटतो आणि तो खालच्या पोत्यांवर ठिबकतो. धान्य 'आपोआप' भिजले असे गोदामवाला म्हणतो ते यामुळे. त्याचे म्हणणे खोटे नसते, फक्त त्याने मोजलेले नसते.

न मोजण्याची किंमत काय पडते? १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत काविळीसारखा आजार पसरला आणि शंभराहून अधिक माणसे मरण पावली. अवकाळी पावसात मका भिजला होता, तो नीट न वाळताच साठविला गेला आणि त्यावर बुरशी धरली. त्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष यकृताचा नाश करते. ते भाजून वा शिजवून पुरते जात नाही. बुरशी आलेला दाणा टाकून देण्याची ऐपत त्या घरांत नव्हती. साठवणीच्या जागेतील हवा साधारण ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला सहसा वाढता येत नाही, आणि ७५ च्या वर गेली की तिला रान मोकळे मिळते. हे दोन आकडे, ६५ आणि ७५, कृपा करून लक्षात ठेवा, पुढे त्यांची गरज लागणार आहे.

आर्द्रता मोजण्याचे पहिले भरवशाचे साधन माणसाच्या डोक्यावरच सापडले. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर याने १७८३ साली केसाच्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढलेला केस दमट हवेत लांब होतो आणि कोरड्या हवेत आखडतो. अगदी कोरड्यापासून अगदी दमटपर्यंतचा एकूण फरक जेमतेम दोन-अडीच टक्के. तेवढ्या हालचालीवर त्याने काटा फिरविला, आणि हे साधन पुढे दीडशे-दोनशे वर्षे टिकले.

दुसरी रीत वेधशाळेतील. दोन तापमापक शेजारी टांगावयाचे, एकाच्या फुग्याला मलमलीचे ओले फडके गुंडाळावयाचे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून ओला तापमापक कमी तपमान दाखवितो. हवा कोरडी असेल तर फरक मोठा, दमट असेल तर फरक थोडा. या मलमलीला इंग्रजीत मस्लिन म्हणतात, आणि तो शब्द इराकमधील मोसुल शहराच्या नावावरून आला असे मानले जाते. मोसुलचे नाव लावलेले फडके जगभरच्या वेधशाळांतून लोंबकळत राहिले, ही गंमत मला नेहमी वाटते.

ओल्या तापमापकाचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. आपले शरीरही घामाने ओला झालेला तापमापकच आहे. ओल्या फडक्याचे तपमान ३५ अंशांवर गेले तर सावलीत बसलेल्या माणसालाही अंग थंड ठेवता येत नाही, असा हिशेब होता. अलीकडच्या प्रयोगांत ही सीमा धडधाकट तरुणांच्या बाबतीतही ३१ अंशांच्या आसपासच आढळली. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने माणसे दगावली, त्या दिवशी राजस्थानातल्यासारखे तपमान तेथे नव्हते. समुद्राकाठच्या हवेत नुसते तपमान सांगणे ही अर्धीच बातमी असते.

केस आणि फडके या दोन्हींत एक अडचण अशी की, त्यांच्यापाशी माणूस उभा राहून वाचन करावे लागते. आकाशात बलून सोडून वरच्या थरांतील आर्द्रता रेडिओवरून कळवावयाची तर विजेच्या भाषेत बोलणारे साधन हवे. १९३८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डन्मोर याने लिथियम क्लोराइड या क्षाराचा लेप वापरून तसे साधन तयार केले. हा क्षार हवेतील पाणी ओढून घेतो व त्यामुळे लेपाचा विद्युत्-रोध उतरतो. म्हणजे आपल्या बरणीतले पाझरणारे मीठच, फक्त दोन तारांच्या मध्ये बसविलेले! १९७३ साली फिनलंडच्या वैसाला कंपनीने 'ह्युमिकॅप' हा संवेदक बाजारात आणला. त्यात क्षाराऐवजी बहुवारिकाचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचा, अतिशय पातळ थर दोन धातूंच्या थरांमध्ये असतो. वरचा धातूचा थर इतका विरळ की, वाफ त्यातून आरपार जाते. विजेचा भार साठविण्याच्या कामी असा बहुवारिक पदार्थ निर्वाताच्या तीन-चार पट उपयोगी, तर पाणी सुमारे ऐंशी पट. म्हणून थोडेसे पाणी आत शिरले तरी भार साठविण्याची क्षमता वाढते, आणि तो फरक विजेच्या मापाने मोजता येतो. आजही जगातील बहुसंख्य संवेदक याच वाटेने जातात.

आता 'पातळ थर' या शब्दांकडे येऊ. पातळ म्हणजे किती पातळ? मिठाईवरचा चांदीचा वर्ख तुम्ही पाहिला आहे. आपल्या समाजातील वर्खसाज कारागीर चांदीचा तुकडा चामड्याच्या पानांत ठेवून हातोडीने तासन् तास कुटीत असत. त्या कुटण्यातून निघणारा वर्ख एका मायक्रॉनहूनही पातळ, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी जाडीचा असतो. फुंकर मारली तर उडतो, बोटाला चिकटला तर निघत नाही. संवेदकाचा थर याच जातीचा, काही शे नॅनोमीटर जाडीचा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, म्हणून मराठीत अब्जांश. माणसाचा केस पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. पाण्याचा रेणू सुमारे पाव नॅनोमीटरचा. 'नॅनो-तंत्रज्ञान' हा शब्द जपानच्या तानिगुची यांनी १९७४ साली प्रथम वापरला.

परंतु थर पातळ असणे पुरेसे नाही. तो आतून सच्छिद्र, दाणेदार किंवा काटेरी हवा. का, ते एका हिशेबाने सांगतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या, साधारण लुडोच्या फाशाएवढा. त्याचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. आता त्याचेच दहा-दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले अशी कल्पना करा. पदार्थ तेवढाच राहिला, पण पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे झाला. पाण्याच्या वाफेला बसावयास फाशावर जेवढी जागा होती तिथे आता घर, अंगण आणि परसबाग मावेल एवढी जागा मिळाली. पापडही याच कारणासाठी दगडापेक्षा लवकर सादळतो.

छिद्रांचा आणखी एक गुण आहे, आणि मला स्वतःला या विषयातील हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. विल्यम थॉम्सन, जे पुढे लॉर्ड केल्विन झाले, त्यांनी १८७१ साली दाखविले की, पाण्याचा पृष्ठभाग अरुंद नळीत आत वळलेला असेल तर त्यावरील वाफ शंभर टक्क्यांच्या आधीच पाणी होऊ लागते. नळी जितकी अरुंद तितके लवकर. खोलीच्या तपमानाला दहा नॅनोमीटर त्रिज्येचे छिद्र सुमारे ९० टक्के आर्द्रतेला भरते, तर दीड नॅनोमीटर त्रिज्येचे छिद्र ५० टक्क्यांनाच भरून जाते. म्हणजे बाहेर दव पडण्याचे नावही नसताना आत पाणी साठू लागलेले असते. वेगवेगळ्या आकारांची छिद्रे एकाच थरात ठेवली तर हवा दमट होत जाईल तशी एकामागून एक ती भरत जातात, आणि प्रत्येक टप्प्याला वीज वाहण्याची सोय वाढत जाते.

वीज वाहते कशी, तेही पाहू. जस्ताचे किंवा टायटॅनियमचे ऑक्साइड घ्या. वाफेचे पहिले रेणू त्याच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने घट्ट चिकटून बसतात. त्यावरचा दुसरा थरही जवळजवळ जखडलेलाच असतो. या अवस्थेत रोध प्रचंड असतो. आणखी थर चढले की मात्र वरचे पाणी नेहमीच्या पाण्यासारखे मोकळे होते आणि हायड्रोजनचे धनभारित कण एका रेणूकडून दुसऱ्याकडे जाऊ लागतात. स्लॅबच्या कामावर मजुरांची रांग तुम्ही पाहिली असेल. घमेले हातोहात वर जाते, मजूर जागचा हलत नाही. ग्रोथस नावाच्या शास्त्रज्ञाने पाण्यातील या हातोहात चालणाऱ्या वाहतुकीची कल्पना १८०६ सालीच मांडली होती. कोरड्या हवेपासून दमट हवेपर्यंत अशा थराचा रोध हजारो पटींनी उतरू शकतो. केसाच्या दोन टक्के लांबीशी तुलना करून पाहा.

हे थर करण्याच्या रीती अनेक आहेत. काहींना निर्वात पंप आणि लाखो रुपयांची यंत्रे लागतात, त्यांविषयी मी बोलत नाही. काही रीती मात्र चंचुपात्रात होण्यासारख्या आहेत. १९८५ साली निकोलाऊ या शास्त्रज्ञाने मांडलेली एक रीत तर रंगरेजाच्या धंद्यासारखी आहे. काचेची पट्टी आधी जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, मग स्वच्छ पाण्यात खळबळावयाची, मग दुसऱ्या द्रावणात बुडवावयाची, पुन्हा खळबळावयाची. प्रत्येक फेरीत अगदी पुसट थर बसतो. अशा वीस, चाळीस, शंभर फेऱ्या केल्या की हवा तेवढा थर मिळतो. द्रावणाची तीव्रता, तपमान आणि वेळ यांत थोडा फरक केला की दाणे, कांड्या किंवा पाकळ्यांसारखी रचना उगवते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशा रासायनिक रीतींनी पातळ थर करण्यावर अनेक वर्षे काम झाले आहे. महागडे यंत्र नाही म्हणून संशोधन करता येत नाही, ही सबब निदान या विषयात चालत नाही. आपल्या मुलींनी हे ध्यानी धरावे. हात स्थिर आणि वही नीटनेटकी असणाऱ्या विद्यार्थिनीला या कामात यश येते, असा माझा अनुभव आहे.

येथवरचे सारे ऐकून कोणी विचारील, 'मग आपल्या गोदामांत हे संवेदक का नाहीत?' प्रश्न रास्त आहे. अब्जांश थरांच्या आर्द्रता-संवेदकांवरील शोधनिबंधांचा आज ढीग पडला आहे. त्यांतील बहुतेकांत रोध किती पटींनी उतरला आणि किती सेकंदांत उतरला याचे आलेख असतात. हा संवेदक एक पावसाळा काढून आल्यावर काय सांगतो, हे सांगणारे निबंध थोडे. माझ्या मते आपले शास्त्रज्ञ वेगाच्या मागे लागले आहेत. धान्याच्या गोदामाला पाच सेकंदांत उत्तर नको असते. तेथे पाच मिनिटे लागली तरी चालेल, पण पाच वर्षांनी आकडा खरा पाहिजे.

आकडा खोटा का होतो? एक कारण छिद्रांच्या घडणीत आहे. पुष्कळ छिद्रे सुरईसारखी असतात, पोट मोठे आणि मान अरुंद. पोटात भरलेले पाणी बाहेर पडावयाचे तर आधी मानेतले निघाले पाहिजे, आणि अरुंद मान कमी आर्द्रतेलाच रिकामी होते. त्यामुळे हवा दमट होत असताना आणि कोरडी होत असताना, आर्द्रता एकच असूनही, संवेदक दोन निराळे आकडे दाखवितो. दुसरे कारण थराच्या वयात. ॲल्युमिनियमच्या सच्छिद्र ऑक्साइडचा संवेदक १९५३ सालापासून ठाऊक आहे, पण दमट हवेत फार काळ राहिला की ते ऑक्साइड स्वतःच पाण्याशी हळूहळू संयोग पावते, छिद्रांचे आकार बदलतात आणि मोजमाप सरकते. तिसरे कारण अगदी घरगुती, ते म्हणजे धूळ, तेलकट वाफ आणि आपल्याकडची खारी हवा. मिठाचा एक कण थरावर बसला की तो स्वतःच पाणी ओढू लागतो आणि संवेदक त्या कणाची आर्द्रता सांगू लागतो.

आता ते दोन आकडे आठवा, ६५ आणि ७५. बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या स्वस्त संवेदकांच्या माहितीपत्रकातच पाच टक्के इकडे किंवा तिकडे अशी कबुली दिलेली असते. खरी आर्द्रता ७२ असताना तो ६७ दाखवू शकतो, आणि तेही नवा असताना. सुक्या मासळीचा, पापडांचा किंवा भुईमुगाचा धंदा करणाऱ्या आपल्या भगिनींनी हे यंत्र भिंतीला लावले आणि त्यावर विसंबून पाखडणे-वाळविणे थांबविले, तर यंत्र नसण्यापेक्षा असणे अधिक धोक्याचे ठरेल.

यावर उपाय स्वस्त आहे, आणि तो मिठातच आहे. स्वच्छ मिठात थोडे पाणी घालून ओला लगदा करावा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. काही तासांनी त्या बरणीतील हवा बरोबर ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. तपमान १० अंशांवरून ४० अंशांवर गेले तरी जेमतेम एक टक्क्याचा फरक पडतो. मॅग्नेशियम क्लोराइडचा असाच लगदा केला तर ३३ टक्के, लिथियम क्लोराइडचा ११ आणि पोटॅशियम सल्फेटचा ९७. जगभरच्या प्रयोगशाळा संवेदक ताडून पाहण्यास हीच रीत वापरतात. आगरातले खडे मीठ पावसाळ्यात आधी का पाझरते, याचेही उत्तर येथे सापडते. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांपर्यंत कोरडे राहते, पण आगरी मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि तो त्याहून पुष्कळ आधी पाणी ओढू लागतो. म्हणून बरणीसाठी प्रयोगशाळेतील शुद्ध मीठच घ्यावे.

पूर्वजांच्या नावांची जंत्री वाचून दाखविण्याची आपल्या सभांतून प्रथा आहे. मला ती फारशी मानवत नाही, पण एक नाव घेतो, कारण ते या कामाचे आहे. मर्व शहरातील अल-खाझिनी याने इ. स. ११२१ च्या सुमारास 'मीझान अल-हिक्मा' हा तराजूवरील ग्रंथ लिहिला. पाण्यात बुडवून धातूंची पारख करणाऱ्या तराजूचे त्यात सविस्तर वर्णन आहे. पाणी कोणते आणि किती गरम यावर वजन बदलते याची त्याला पुरी जाण होती. वस्तू तोलण्याआधी तो तराजूचाच विचार करतो. आपल्या शे-दोनशे रुपयांच्या संवेदकाला हीच वागणूक द्यावयाची आहे.

अकरावीच्या वर्गाला मी चार बरण्या करून दिल्या आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर शुक्रवारी प्रत्येक संवेदक प्रत्येक बरणीत रात्रभर ठेवावयाचा, आधी कोरड्या बरणीपासून दमट बरणीकडे आणि पुढच्या खेपेस उलट क्रमाने, आणि आकडा आवडो न आवडो तो वहीत तसाच लिहावयाचा. चार महिन्यांच्या नोंदी झाल्या की कोणता संवेदक किती सरकला हे कळेल. मग त्यांतील चांगला असेल तो बंदरावरच्या सुक्या मासळीच्या वखारीत लावता येईल, आणि त्याच्या शेजारी दुरुस्तीचा तक्ता टांगता येईल. बरण्या प्रयोगशाळेत खिडकीपासून दूर, डाव्या कपाटात ठेवल्या आहेत. लगदा सुकून घट्ट दिसला तर चार थेंब पाणी घालावे, आणि नुसते पाणीच दिसू लागले तर त्याच क्षाराचा एक चमचा.